चिखलाला वळसा घालू नका

पावसाळी ट्रेल रेसच्या नोंदण्या सुरू झाल्या की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो: बूट कुठले घ्यावेत? जाड फोमचे, की ज्यांना धावणारी मंडळी ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात ते पातळ, चपट्या तळाचे? सह्याद्रीच्या चिखलासाठी मी पातळ तळाच्या बाजूने आहे. मात्र त्या तळाला खोल दात हवेत आणि पायाला काही महिन्यांची सवय हवी. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

चिखल वरून पातळ आणि खाली घट्ट असतो. बुटाचा दात त्या घट्ट थरापर्यंत पोचला तरच पाय धरतो. दात विरळ असले तर त्यांच्यात गाळ अडकून बसत नाही, पुढच्या पावलाला झडून जातो. जाड फोमच्या बुटात पाय जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर असतो. तेवढ्या उंचीवरून घोटा मुरगळायला एक लपलेला दगड पुरतो. पातळ बुटात पाय खाली बसतो, बोटं पसरतात आणि खालची जमीन सरकू लागल्याचं पायाला लगेच कळतं. लांब ढांग टाकून टाचेवर आपटलात तर घसरलातच. इथे पावलं छोटी, भराभर आणि अंगाखाली पडायला हवीत. भातलावणी करणाऱ्या बाया दिवसभर अनवाणी चिखलात उभ्या असतात. त्यांची पावलं पाहावीत, बोटं रुतवून उभं राहणं म्हणजे काय ते समजतं.

पातळ तळाच्या बाजूने बोलताना दोन दाखले नेहमी दिले जातात. १९९३ साली अमेरिकेतल्या लेडव्हिलची १०० मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुर्रो या ५५ वर्षांच्या ताराहुमारा धावपटूने टायरच्या रबराच्या चपला घालून जिंकली. २०१० साली डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला दणका कमी बसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही टणक जमिनीवरच्या. शिवाय ते पाय लहानपणापासून तयार झालेले होते. आपले पाय शाळेच्या बुटांत वाढले.

म्हणून घाई महागात पडते. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नेहमी धावणाऱ्यांना दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळवलं, तेव्हा अनेकांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. पुढच्याच वर्षी ते बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने, पाय मजबूत होतात आणि दुखापती कमी होतात या दाव्यांवरून झालेला खटला ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. दोष मात्र मान्य केला नाही. टाच आणि चवडा एका पातळीवर आले की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. हिवाळ्यात चालण्यापासून सुरुवात करावी, उन्हाळ्यात थोडं थोडं धावावं, म्हणजे आषाढापर्यंत पाय तयार होतो. जूनमध्ये बूट घेऊन जुलैत रेसला उभं राहणं हा पायावर अन्याय आहे.

शेवाळलेल्या कातळावर तर कुठलाच दात चालत नाही. दातांची फक्त टोकं टेकतात आणि पाय निसटतो. तिथे मऊ रबर थोडी मदत करतं, बाकी चालत जाणं हाच उपाय. कारवीचे तोडलेले खुंटही पातळ तळातून पायाला लागतात. पायाला चिरा पडल्या असतील आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना चिखलात धावल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस वेळेत ओळखला तर बरा होतो.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. महागडे, जाड, कोरे बूट घातलेला माणूस चिखल दिसला की कडेच्या गवतावर चढतो. त्याच्या मागून शेकडो जण येतात आणि हातभर रुंदीची पायवाट एका सकाळीत बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. खाचराच्या बांधावरून गर्दी गेली की बांध ढासळतो, पाणी निघून जातं आणि शेतकऱ्याची लावणी बिघडते. सड्यावर नुकसान आणखी मोठं. तिथे कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो, आणि सीतेची आसवं, गेंद, तेरडा हे सगळं त्याच थरावर वर्षाचे मोजके महिने जगतं. तो थर एकदा बुटांनी उकरला की पुढच्या पावसात वाहून जातो. पातळ, भोकाभोकांचा, पाणी निथळून टाकणारा बूट घालणाऱ्याला चिखल टाळायचं कारणच उरत नाही. तो वाटेच्या मधून जातो. या बुटांचा सह्याद्रीला होणारा हा फायदा मला वेळेतल्या चार मिनिटांपेक्षा मोठा वाटतो.

आयोजकांकडे माझी मागणी आहे. वाटेच्या कडेने चिखल टाळणाऱ्याच्या वेळेत दंडाची मिनिटं मिळवा आणि हा नियम नोंदणीच्या पानावरच छापा. मार्गात कातळ किती, खाचरं किती, उतार कुठे निसरडा आहे, हे रेसच्या महिनाभर आधी सांगा. बांधावरून वाट जात असेल, तर आधी शेतकऱ्याला विचारा आणि मोडलेला बांध त्याच आठवड्यात बांधून द्या. नोंदणीच्या पैशातून ते सहज होतं.