आधी गावातले तळे, मग शहरातली रिंक

लडाखमध्ये गावोगावी आइस हॉकी शिकवण्यावर पैसा खर्च करू नये, असे म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात. खेळ परका आणि महागडा आहे. पदके हवी असतील तर निवडक खेळाडू एका सुसज्ज केंद्रात घडवावेत. आणि नैसर्गिक बर्फाचा आता भरवसा उरलेला नाही. तिन्हींत थोडे तथ्य आहे. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे गावे वगळून शहरातल्या एका रिंकवर भर द्यावा हा, उपलब्ध पुराव्याशी जुळत नाही.

खेळ बाहेरून आला, हे खरेच. १९७०च्या दशकात लडाखमध्ये तैनात जवान गोठलेल्या तळ्यांवर तो खेळू लागले आणि त्यांच्याकडून तो स्थानिक तरुणांनी उचलला. पण क्रिकेटही बाहेरूनच आले. खेळ कोणाचा हे तो खेळणारे ठरवतात. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेह परिसरात डिसेंबरच्या मध्यापासून शाळांना लांब सुट्टी असते, शेते गोठलेली असतात आणि मैदानी खेळ जवळजवळ थांबतात. अशा वेळी उथळ तळ्यात किंवा बांध घातलेल्या सपाट जागेत रात्री पाणी सोडले की सकाळी मैदान तयार होते. म्हणजे इतरत्र ज्याला सर्वाधिक खर्च येतो, ते मैदान इथे थंडीच बनवून देते. महाग आहेत ते स्केट्स, हेल्मेट आणि गोलरक्षकाचा पोशाख. मुलांच्या पायाचे माप दरवर्षी बदलते. त्यामुळे हे साहित्य गावाच्या सामायिक मालकीचे ठेवले, तर एकच जोड अनेक मुलांना पुरतो. खर्चाच्या आक्षेपाला हे व्यवहार्य उत्तर आहे.

निवडक खेळाडूंचा युक्तिवाद भारतीय महिला संघाच्या वाटचालीपुढे टिकत नाही. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. महिला संघ मात्र थेट २०१६ मध्ये, तोही लोकवर्गणीच्या आधारावर, तैपेईतील आशियाई चॅलेंज चषकात उतरला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्याने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक पटकावले. या संघात प्रामुख्याने लडाखच्या मुली होत्या, आणि त्यांचा खेळ उघड्या, नैसर्गिक बर्फावर घडला होता. पुढे हिमाचलमधील स्पितीच्या काझातही खेळ रुजला. निवड करायची तर आधी निवडण्याजोगी संख्या हवी, आणि ती गावांतूनच येते. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे: घरापासून दूर पाठवायला पालक कचरतात, पण गावातल्या तळ्यावर लेक खेळायला गेली तर ते सहसा अडवत नाहीत.

हवामानाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उबदार होत चाललेल्या हिवाळ्यात खेळाचा हंगाम आक्रसतो, आणि लडाखमध्ये पाणीही जपून वापरावे लागते. म्हणून कृत्रिम बर्फाची रिंक हवी, याला माझा पाठिंबा आहे. पण डेहराडूनची रिंक डोळ्यांसमोर ठेवावी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली ही रिंक पुढे अनेक वर्षे बंद होती. वीज आणि देखभाल महाग असते. रोजचे खेळाडू भोवती नसतील, तर ती इमारत उद्घाटनापुरती उरते. शिवाय लेहमधली रिंक द्रास किंवा चांगथांगच्या मुलीला वसतिगृह आणि प्रवासखर्चाशिवाय उपयोगाची नाही.

म्हणून क्रीडा खात्याने आणि प्रायोजकांनी खर्चाचा क्रम बदलावा: आधी गावोगावी सामायिक साहित्य, मानधन मिळणारे स्थानिक प्रशिक्षक आणि मुलींसाठी राखीव वेळ, मग रिंक, आणि तिच्या अंदाजपत्रकातच दूरच्या खेळाडूंच्या निवासाची तरतूद. पदकावर टाळ्या वाजवणाऱ्या आपण सर्वांनी हा क्रम आग्रहाने मागितला पाहिजे.