गर्दीला डोके असते

‘गर्दीला डोके नसते’ हे आपले लेखक इतक्या वेळा म्हणत आले आहेत की आता त्याला कोणी पुरावाही मागत नाही. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली हेच मांडले: जमावात शिरलेला माणूस विवेक गमावतो. मला हे मत मान्य नाही, कारण त्याच्या आडून उन्माद घडवणारे सहीसलामत सुटतात.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ज्या पुस्तकावरून हे घडले, ते प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतले होते. त्यातल्या मजकुराने अनेकांना खरोखर वेदना झाल्या, हे मी मान्य करतो. पण दुखावलेला माणूस निषेध करतो, खंडन लिहितो. पुस्तक मागे घेतल्यानंतर आठवडे उलटून गेल्यावर एका नेमक्या दारावर माणसे जमवायची, तर कोणीतरी दिवस आणि ठिकाण ठरवावे लागते. याला उद्रेक म्हणणे ही ठरवणाऱ्यांची सोय आहे.

नाटककार विजय तेंडुलकरांना हे नीट कळले होते. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये शेवटी जमाव घाशीरामाचा जीव घेतो, पण त्याला जमावाच्या हवाली करतो त्याला कोतवाल करणारा नाना फडणवीस, आणि नानाच्या केसालाही धक्का लागत नाही.

आणि गर्दी मुळातच विवेकशून्य असेल, तर वारीचे काय करायचे? आळंदीहून पंढरपूरला लाखो माणसे भान हरपून नाचत-गात जातात. तरीही पालखीच्या रथापुढच्या आणि रथामागच्या प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, मगच पुढचे कार्य होते. एवढ्या मोठ्या समुदायात वेगळ्या सुरासाठी हक्काची जागा राखलेली आहे. उन्मादी जमावात ती नसते. तिथे थांबा म्हणणाऱ्यावरच पहिला हात उगारला जातो. पारखायचे ते इथे. माणसे किती जमली, किती आवेशाने ओरडली, यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून लेखकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे: ‘जमाव अनावर झाला’ असे लिहून बातमी संपवू नका. त्याला तिथे कोणी आणले, ते नावानिशी लिहा.