उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

उन्हाळा तापला की नागपूरहून मौदा, भंडाऱ्याकडे निघणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. 'हवा थोडी कमीच ठेवा, गरम होऊन टायर फुटेल.' सल्ला आपुलकीचा असला तरी तो चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे.

टायर चाकाबरोबर फिरताना दर फेऱ्याला जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा ताणला जातो. या दबण्यात खर्च झालेली थोडी ऊर्जा रबरातच उष्णता होऊन राहते. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते, उष्णता वाढते आणि आतले थर सुटू लागतात. त्यात जादा भार, वेग आणि ४५ अंशांचे ऊन मिळाले की टायर फुटायला वेळ लागत नाही. उन्हाने हवेचा दाब वाढतो हे खरे. पण तेवढी वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते.

हे ज्ञान नवे नाही. केवळ टायरच्या संशोधनाला वाहिलेले 'टायर सायन्स अँड टेक्नॉलॉजी' हे त्रैमासिक अमेरिकेतून १९७३ पासून निघते. उष्णता, झीज, रस्त्यावरची पकड यांवर त्यात अभियंते लिहितात. आपल्या बुटीबोरीतही टायरचा कारखाना आहे. तरीही हे शास्त्र महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही.

आपण मात्र 'टायर फुटला' म्हणून अपघाताची फाइल बंद करतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात मात्र तसा पुरावा आढळला नाही. म्हणूनच प्रत्येक मोठ्या अपघातातील टायरची शास्त्रीय तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावा. खरे कारण कळल्याशिवाय पुढचा अपघात टळणार कसा?

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करावे. गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरावी. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो बदलावा. टायरच्या भिंतीवरचे चार आकडेही वाचावेत: '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आतून कडक होते. हवा तपासायला पाच मिनिटे लागतात. लांबच्या प्रवासाआधी ती काढाच.