निळ्या पडद्याचा इशारा

संगणकाच्या जगाने २०२५ मध्ये दोन गोष्टींना निरोप दिला. वापरकर्त्यांच्या कपाळावर तीन दशके आठ्या उमटविणारा ‘ब्लू स्क्रीन’ मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधून काढला आणि त्या जागी काळा पडदा आणला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित साहाय्य थांबविण्यात आले. पहिली घटना रंगापुरती होती. दुसरीचे परिणाम मात्र दूरगामी आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक आहे. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक अधिकृत यादीबाहेर राहिले.

या बदलाने छोट्या कार्यालयांची आणि व्यावसायिकांची कोंडी झाली. जुना संगणक ठेवावा, तर त्याला सुरक्षेचे कवच नाही. नवा घ्यावा, तर वर्षानुवर्षे वापरात असलेले सॉफ्टवेअर त्यावर चालेलच याची खात्री नाही. अशा वेळी अनेकांना तिसरा मार्ग सुचतो, तो म्हणजे नव्या यंत्रावर जुनी सिस्टीम बसविण्याचा. निरोप दिलेला निळा पडदा नेमका तेथेच पुन्हा भेटतो, कारण जुनी सिस्टीम आपला जुना पडदा बरोबर घेऊनच येते. त्यामुळे हा पडदा नेमके काय सांगतो आणि त्याचे कोठवर ऐकावे, हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

पडदा निळा का होतो?

पडद्यावर अचानक निळा रंग पसरला, पांढऱ्या अक्षरांत अगम्य मजकूर उमटला आणि यंत्र ठप्प झाले, की ‘संगणक बिघडला’ असे म्हणून लोक मोकळे होतात. वस्तुत: बिघाड वाढू नये म्हणून सिस्टीमने स्वत:हून घेतलेली ती माघार असते. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून ही व्यवस्था चालत आली आहे. सिस्टीमच्या गाभ्यात अशी स्थिती उद्भवली, की काम पुढे रेटल्यास डिस्कवरील माहितीच खराब व्हावी, तर सर्व काही थांबविले जाते आणि थांबण्याचे कारण एका सांकेतिक क्रमांकाने नोंदविले जाते. त्यालाच ‘स्टॉप कोड’ म्हणतात. घरातला फ्यूज उडावा, तसाच हा प्रकार. फ्यूज उडाला म्हणून कोणी फ्यूजवर राग काढत नाही. वायरिंग तपासून पाहतो.

जुनी सिस्टीम बसविताना येणाऱ्या निळ्या पडद्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते. जुन्या सिस्टीमला नव्या यंत्राची ओळख नसते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा हार्ड डिस्क आयडीई पद्धतीच्या रुंद पट्टीने जोडलेली असे. पुढे साटा जोडणी आली आणि डिस्कशी संवाद साधण्याची ‘एएचसीआय’ ही नवी पद्धत रूढ झाली. एक्सपीच्या सीडीत या पद्धतीचा ड्रायव्हर नाही. २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकनेही ती उणीव भरून काढली नाही.

याचा फटका प्रथम मोठ्या प्रमाणावर बसला तो व्हिस्टाच्या काळात. २००७ मध्ये आलेली व्हिस्टा अनेकांना जड आणि संथ वाटली. तिच्या बिझनेस व अल्टिमेट आवृत्त्या घेणाऱ्यांना एक्सपी प्रोफेशनलकडे परतण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने परवान्यातच दिली होती. परवान्याने दिलेली मुभा यंत्राने मात्र नाकारली. नव्या लॅपटॉपमध्ये एक्सपीची सीडी घालावी, सर्व फायली वाचल्या जाव्यात, ‘सेटअप विंडोज सुरू करीत आहे’ अशा अर्थाची ओळ दिसावी आणि पुढच्याच क्षणी ज्याच्या अखेरीस ‘७बी’ अशी अक्षरे आहेत तो स्टॉप कोड झळकावा, हा अनुभव त्या काळी घरोघरचा झाला. या कोडचा अर्थ साधा आहे. ज्या साधनावरून सिस्टीम सुरू व्हायची, तेथपर्यंत तिला पोहोचता येत नाही. सीडी ठीक असते, डिस्कही ठीक असते. दोघांना जोडणारा दुभाषाच हजर नसतो.

उपायांचा क्रम

अशा वेळी सीडी बदलणे, डिस्क फॉरमॅट करणे, पुन:पुन्हा प्रयत्न करणे हे उपाय व्यर्थ ठरतात. तपासाची सुरुवात एका प्रश्नाने करावी. दरवेळी त्याच टप्प्यावर तोच कोड येतो, की कोड बदलत राहतो? कोड आणि टप्पा एकच असेल, तर संशय ड्रायव्हर वा मांडणीवर घ्यावा. दरवेळी वेगळा कोड येत असेल, तर दोष बहुधा मेमरीत, डिस्कमध्ये किंवा ओरखडे पडलेल्या सीडीत असतो. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील, तर एक काढून पाहणे आणि मेमटेस्टसारख्या साधनाने रात्रभर तपासणी करणे, हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग होय.

‘७बी’वर तीन उपाय आहेत. पहिला बायोसमधला. तेथे साटाची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी’ अशी बदलली, की एक्सपीला डिस्क ओळखीची वाटते. मात्र त्याच यंत्रावर एएचसीआय पद्धतीत बसविलेली नवी विंडोज असेल, तर हा बदल केल्यावर तीच ‘७बी’ दाखवू शकते. त्यामुळे मूळ मांडणी लिहून ठेवावी. दुसरा उपाय सेटअपच्या आरंभी ‘एफ-६’ कळ दाबून ड्रायव्हर पुरविण्याचा. पण एक्सपी तो फ्लॉपीवरूनच मागते आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी हद्दपार झाली होती. तिसरा उपाय सीडीच्या फायलींत हव्या त्या ड्रायव्हरची भर घालून नवी सीडी तयार करण्याचा. ‘एन-लाइट’ या सॉफ्टवेअरने हे काम सामान्य जाणकाराच्याही आवाक्यात आणले.

अखेरीस ‘ए५’ असलेला कोड वेगळी तक्रार मांडतो. यंत्राच्या वीजव्यवस्थापनाची माहिती बायोस ज्या रीतीने देतो, ती जुन्या सिस्टीमला उमगत नाही. त्यावर आधी बायोसची सुधारित आवृत्ती बसवून पाहावी. ती नसेल, तर सेटअपच्या आरंभी ‘एफ-७’ दाबून ही व्यवस्था वगळता येते. पण तशा यंत्रात संगणक आपोआप बंद होण्यासारख्या साध्या सोयीही गमवाव्या लागतात. पडदा टळतो, त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

विंडोज ७ ची कथा फारशी वेगळी नाही. २००९ च्या या सिस्टीममध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नसल्याने २०१५ नंतरच्या अनेक यंत्रांवर सेटअप सुरू होते, परंतु कीबोर्ड आणि माऊस निपचित पडतात. एनव्हीएमई प्रकारच्या नव्या डिस्कसाठी तिला वेगळी दुरुस्ती जोडावी लागते. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय व्यवस्थेतील जुन्या पद्धतीची सोय अलीकडच्या अनेक यंत्रांतून काढून टाकण्यात आली आहे. तेथे एक्सपीच्या बाबतीत निळा पडदा येण्याइतकीही मजल जात नाही. आणि या साऱ्या खटाटोपाआधी डिस्कवरील माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे, हा नियम अपवाद नसलेला आहे.

हा अट्टहास कशासाठी?

इतका खटाटोप करण्यापेक्षा नवे का स्वीकारू नये, असे कोणी म्हणेल. घरगुती वापरासाठी हा सल्ला योग्यच आहे. परंतु सर्वांची स्थिती तशी नसते. मराठी मुद्रण व्यवसायाचेच उदाहरण घ्या. कित्येक वर्षांची पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळविल्या गेल्या. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि २००४ मध्ये अडोबीने तिचा पुढील विकास थांबविला. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असतात. तो फॉन्ट नसला, की त्याच फायलीत रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी दिसतात. काही सॉफ्टवेअर प्रिंटरच्या समांतर पोर्टला हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय उघडतच नाहीत आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. विरोधाभास असा, की युनिकोड देवनागरीची सोय खुद्द एक्सपीतही होती. वापरकर्त्यांनी ती वेळीच अंगी बाणविली नाही आणि आज त्याच एक्सपीसाठी त्यांना धडपडावे लागत आहे.

कारखान्यांतील यंत्रे आणि प्रयोगशाळांतील उपकरणे यांची अडचण याहून बिकट आहे. लाखो रुपयांचे यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालावे, या हिशेबाने घेतलेले असते. त्याला जोडलेल्या संगणकाच्या सिस्टीमचे साहाय्य मात्र दहा-बारा वर्षांत संपते. एक्सपीचे २०१४ मध्ये संपले, विंडोज ७ चे २०२० मध्ये, विंडोज १० चे २०२५ मध्ये. यंत्राचे आयुष्य आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य यांतील ही तफावत हे या प्रश्नाचे खरे मूळ आहे. ती भरून काढण्याची जबाबदारी ना यंत्राचा निर्माता घेतो, ना सिस्टीमचा. ती येऊन पडते सेटअपसमोर बसलेल्या माणसावर.

पडदा गेला, धोका राहिला

निळा पडदा हटला आणि जुनी सिस्टीम सुरू झाली, की काम फत्ते झाल्याची भावना होते. खरी परीक्षा तेथून सुरू होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार माजविला, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा खिळखिळी केली. साहाय्य संपून तीन वर्षे उलटलेल्या एक्सपीसाठी तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. पुढे तज्ज्ञांच्या चाचण्यांत असे दिसले, की एक्सपीवर हल्ला होताच ती बहुधा निळा पडदा दाखवून बंद पडे आणि त्यामुळे हा प्रोग्राम तिच्यातून फारसा पसरू शकला नाही. लोकांना नकोसा असलेला पडदा असाही कामी आला. पण अशा योगायोगावर कोणाचा कारभार चालू शकत नाही.

रिझर्व्ह बँकेने हा धोका ओळखला होता. साहाय्य संपलेल्या सिस्टीमवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने बदलण्याचे वेळापत्रक तिने जून २०१८ मध्ये बँकांना घालून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व, असे ते होते. बँकांना सांगणारी नियामक संस्था आहे. मुद्रणालयाला, छोट्या कारखान्याला वा शाळेच्या प्रयोगशाळेला सांगणारे कोणी नाही.

नव्या सिस्टीमला निळा पडदा चुकलेला नाही, असा प्रतिवाद होऊ शकेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तथापि, दोन्हींत एक मोठा फरक आहे. त्या दिवशी चूक कोणाची, हे काही तासांत निश्चित झाले आणि दुरुस्तीची रीतही जाहीर झाली. साहाय्य संपलेल्या सिस्टीमवर असे काही घडले, तर उत्तर द्यायला समोर कोणीच नसते.

मधला मार्ग

म्हणून जुनी सिस्टीम वापरूच नये, असे नाही. ती कोठे आणि कशी वापरावी, याला महत्त्व आहे. पहिला पर्याय आभासी यंत्राचा. व्हर्च्युअल बॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने नव्या संगणकाच्या पोटात जुन्या धाटणीचा संगणक उभा करता येतो. त्याची डिस्क आयडीई पद्धतीची निवडली, की ‘७बी’ची कटकट उरत नाही. प्रत्यक्ष यंत्रच हवे असेल, तर त्या काळचा जुना संगणक राखून ठेवणे हे नव्यावर जबरदस्ती करण्यापेक्षा शहाणपणाचे. दोन्ही ठिकाणी इंटरनेटची जोडणी तोडलेली असावी आणि बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याविना आत जाऊ नये. ही व्यवस्था मुदतीची आहे, याचे भानही राखावे. त्या मुदतीत जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे, पानांच्या पीडीएफ काढून ठेवणे, यंत्रासोबत आलेल्या सीडी आणि ड्रायव्हर यांच्या प्रती जपणे, ही कामे उरकायला हवीत.

आज एक्सपीसाठी चाललेली धडपड उद्या विंडोज १० साठी होईल. ती ज्याच्या वाट्याला येईल, त्याने पडद्यावरचा कोड आधी नीट वाचावा आणि त्यावरचा उपाय जरूर करावा. मात्र सिस्टीम एकदाची सुरू झाली, की त्याच संध्याकाळपासून आतला मजकूर बाहेर काढायला घ्यावा. पुढच्या वेळी चालणारी सीडी आणि तिला ओळखणारे यंत्र, दोन्ही हाताशी असतीलच असे नाही.