सेन्सर दारावर लावा, टेबलाखाली नको

वर्गातले सेन्सर म्हणजे पाळतच, असं म्हणणारं गेल्या अंकातलं पत्र वाचलं. भीती खोटी नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात २०२२ साली न विचारता टेबलांखाली सेन्सर बसवले, तेव्हा संशोधक विद्यार्थ्यांनी ते काढून टाकले. पण म्हणून खोल्या किती वापरल्या जातात याची मोजणीच नको? आमच्याकडे वेळापत्रकात सगळ्या खोल्या भरलेल्या. प्रत्यक्षात दुपारी पंखे रिकाम्या बाकांवर फिरतात आणि मुलं जिन्यात मांडीवर वही घेऊन बसतात. बघवत नाही. दारातून किती आत गेले, किती बाहेर आले, एवढंच मोजा. नाव नको, चेहरा नको. अभ्यासिकेतले दिवे मात्र हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर सोडू नका. वाचनात गढलेली मुलगी हलत नाही, दिवा विझतो आणि तिला पुस्तक सोडून हात हलवावा लागतो.

— एक प्राध्यापिका, नाशिक