मावळ्याच्या तलवारीतले दिवे

मैत्रिणींनो, संमेलनांचे दिवस आले की अंगरखा कसा बेतावा, मंदील कसा बांधावा अशी पत्रं येतातच. उर्से (ता. मावळ) येथील एका भगिनीचं पत्र मात्र निराळं आहे. त्यांच्या सहावीतल्या मुलीला तानाजीच्या नाटकात मावळ्याचं काम मिळालंय. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची, म्हणून बाईंनी रंगमंचावर अंधार ठेवून तलवारी उजळायचं ठरवलं. पण तालमीत पहिला वार झाला आणि हिचीच तलवार विझली! पोरं हसली. आता ती कामच करणार नाही म्हणून रुसून बसली आहे. भाऊजी म्हणतात, मांडवाच्या बोर्डावरून वायर ओढून देतो, मग बघू कशी विझते.

ताई, भाऊजींना आधी गोड शब्दांत पण ठाम नाही म्हणा. घरची वीज २३० व्होल्टची. मुलांच्या धावपळीत वायर पायाखाली आली, सोलली, तर जिवावरचं काम. तीन पेन्सिल सेल घेतले की साडेचार व्होल्ट होतात, तेवढे पुरे. चपटे बटण-सेलही नकोत. धाकट्यानं एखादा गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते.

आता विझली का? तुम्ही एका तारेची वायर वापरलीत आणि सांध्यांना नुसता पीळ देऊन चिकटपट्टी लावलीत. भिंतीत निजून राहणाऱ्या वायरीला ते चालतं, हातात फिरणाऱ्या तलवारीला नाही. एकच तार दहा वेळा वाकली की तुटतेच. तुमच्या गावात तर फिनोलेक्सचा केबलचा कारखाना, वायरीचं तुम्हाला मी काय सांगावं! बारीक, अनेक तारांची, मऊ वायर घ्या: लाल, काळी आणि पिवळी.

पातं दोन पुठ्ठ्यांचं करा, मधे लाकडी पट्टी. एका पुठ्ठ्याला दाभणानं आठ भोकं पाडून त्यांत लाल एलईडी बसवा, टोकाशी दोन पांढरे. वरून बटर पेपर लावला की ठिपके न दिसता उजेड पसरतो. एलईडीचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. उलटा लावला तर पेटत नाही, एवढंच.

जोडणी शिडीसारखी करायची. लाल आणि काळी वायर पात्याच्या लांबीभर न्यायची, हे शिडीचे दोन खांब. प्रत्येक दिवा म्हणजे एक पायरी. लांब पायाला १५० ओहमचा रेझिस्टर जोडून तो लाल वायरीला, आखूड पाय काळीला. असं केलं की एक दिवा गेला तरी बाकीचे पेटते राहतात. रेझिस्टर प्रत्येकाला वेगळा हवा, त्यात काटकसर करू नका. लाल दिव्याला दोनच व्होल्ट लागतात, उरलेले अडीच रेझिस्टरनं अडवले नाहीत तर दिवा जळतो. पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून त्याला १०० ओहम पुरे. (पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळसर लेप. लाल १९६२ मध्येच निघाला, पण प्रखर निळा जमायला १९९० नंतरचा काळ उजाडला आणि त्यासाठी २०१४ चं नोबेल दिलं गेलं.)

स्विच दोन, दोन्ही मुठीत. सेलच्या अधिक टोकाकडून वायर आधी सरकवायच्या स्विचला. तिथून दोन फाटे: एक लाल वायरीला, दुसरा दाराच्या बेलसारख्या दाबायच्या बटणाला. बटणापुढे पिवळी वायर पांढऱ्या दिव्यांच्या रेझिस्टरांपर्यंत. त्यांचे आखूड पाय काळीलाच. विंगेत असताना पहिला स्विच सरकवायचा, पातं लाल उजळतं. ‘हर हर महादेव’ म्हणताना अंगठ्यानं बटण दाबलं की टोक लखकन चमकतं. बटण अंगठ्याखाली सहज येतंय ना, हे पुठ्ठा चिकटवण्याआधी मुलीच्या हातात मूठ देऊन बघा.

सांध्यांना डाख द्या. सोल्डरिंगची इस्त्री काही अवघड नाही. सांधा तापवायचा आणि मग त्याला सोल्डरची तार टेकवायची. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणानं धुवा, कारण सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. मुठीजवळ वायरीला थोडी ढील ठेवून ती दोऱ्यानं पट्टीला बांधा. झटका बसतो तो तिथेच, आणि तो दोऱ्यानं सोसावा, डाखानं नव्हे. सामान तळेगावात नाही मिळालं तर लोकलनं शिवाजीनगर गाठा, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं मिळतं.

तयार झाली की घरात अंधार करा आणि मुलीला उशीवर तीस-चाळीस वार करू द्या. लुकलुकली तर मुठीजवळचाच सांधा आधी तपासा. तालमीचे सेल वेगळे, प्रयोगाला नवे घाला. संमेलन झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून डबी गंजते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तलवार पुन्हा लागणारच आहे.