पेढीवरील श्वासाचा हिशेब

व्यापारी कुटुंबातील मुलावर मोजमापाचा संस्कार लहानपणीच होतो. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावे, माल उतरताना नग स्वतः मोजावेत, दिवस मावळल्यावर गल्ला आणि वही यांचा मेळ घालावा, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. तरीही मालक, मुनीम, विक्रेते आणि हमाल रोज नऊ-दहा तास जी हवा आत घेतात, तिची नोंद बहुतेक पेढ्यांच्या कोणत्याही वहीत सापडत नाही. अन्नपाण्याच्या शुद्धीविषयी इतका जागरूक असलेला समाज हवेच्या बाबतीत मात्र अंदाजावर विसंबतो.

पुणे-नगर मार्गावरील वाघोली येथे हा अंदाज विशेष महाग पडू शकतो. जैन समाजाला हे गाव भारतीय जैन संघटनेच्या शैक्षणिक संकुलामुळे परिचित आहे. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर आपद्ग्रस्त मुलांच्या शिक्षणाचे आणि पुनर्वसनाचे जे कार्य संघटनेने हाती घेतले, त्याचे हे स्थान. याच परिसराची दुसरी ओळख म्हणजे दगडखाणी आणि खडी फोडणारी यंत्रे. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. नवी बांधकामे, गोदामे, फर्निचरची दालने आणि महामार्गावरील अखंड वाहतूक यांनी आज ते वेढलेले आहे. त्यामुळे येथील दुकानदारापुढे रोजचा पेच असतो. दार उघडे ठेवले तर धूळ आणि धूर आत येतो. बंद केले तर आतली हवा कोंदते. यांपैकी कोणते केव्हा करावे, हे नाकाला नेमके कळत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

प्रथम कोंदलेल्या हवेचा विचार करू. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचविले, की खोलीतील कार्बन डायऑक्साइड हा हवा शिळी झाल्याचा चांगला निदर्शक आहे आणि त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १,००० भागांपेक्षा वाढू नये. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आज सुमारे ४२० आहे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दालनात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. बैठे काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दालन पूर्ण बंद असेल आणि आत चौघे बसले असतील, तर अर्ध्या तासात आकडा १,४०० च्या पुढे जातो आणि तासाभरात २,५०० च्या आसपास पोहोचतो. दुपारी येणारी जडता, डोकेदुखी आणि जमाखर्चातील चुका यांचा दोष आपण सहसा जेवणाला देतो. त्याचा काही वाटा या हवेचाही असू शकतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा सांगितली होती. त्या मापाने अशा दालनात दोघांचीच सोय होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुकानांत सर्रास दिसणारा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतील तीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. गारव्यामुळे ताजेपणाचा भास होतो, आकडा मात्र चढतच राहतो. एअर प्युरिफायरचेही तसेच आहे. त्याची गाळणी धूलिकण अडविते, कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही.

दुसरा भाग धुळीचा. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. खडीची, मातीची धूळ मुख्यतः पहिल्या प्रकारात मोडते. धुरातील सूक्ष्म कण दुसऱ्या प्रकारातील असून ते फुप्फुसात खोलवर जातात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा पीएम १० करिता घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ करिता ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ४५ आणि १५ असावेत असे सुचविले. दगडाच्या धुळीत सिलिका असते आणि तिच्या दीर्घ सहवासाने सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा विकार जडतो.

सर्व दोष बाहेरूनच येतो असे मात्र नाही. अनेक प्रकारच्या प्लायवूडमध्ये वापरलेल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा वायू दीर्घकाळ सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. दुकानाच्या मागच्या दाराशी चालणारा डिझेल जनरेटर आणि बंद दालनात सकाळी लावलेली अगरबत्ती यांचा धूरही आतच साचतो.

मोजणीसाठी फार खर्च लागत नाही. काही हजार रुपयांत कार्बन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण दाखविणारे यंत्र मिळते. ते बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवावे. खिडकी, एसीचा झोत आणि कोणाचा चेहरा यांपासून दूर असावे. प्रथम ते मोकळ्या हवेत नेऊन आकडा ४२० च्या जवळ येतो का, हे पाहावे. वजनकाटा वापरण्यापूर्वी शून्यावर आणतात, तसेच हे आहे. नंतर आठवडाभर दुकान उघडताना, दुपारी, गर्दीच्या वेळी आणि बंद करताना असे चार आकडे वहीत लिहावेत. दमट हवेत स्वस्त यंत्रे धुळीचा आकडा वाढवून दाखवितात, याचे पावसाळ्यात भान ठेवावे. बाहेरच्या हवेसाठी पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची ‘सफर’ ही सेवा पुण्यातील ठिकठिकाणचे आकडे देते; ते शेजारी नोंदवावेत.

नोंदी हाती आल्या की उपाय आपोआप सुचतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत राहतो आणि धूर वर जात नाही. दुपारी वारा वाहू लागला की तो पांगतो. म्हणून अशा दिवसांत खिडक्या सकाळच्या रहदारीत बंद ठेवून दुपारी समोरासमोर उघडाव्यात. शक्य असेल तर हवा घेण्याची वाट रस्त्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावी. चौघांच्या दालनाला १,००० च्या आत राहण्यासाठी तासाला सुमारे १२५ घनमीटर ताजी हवा लागते. लहान एक्झॉस्ट पंखाही इतकी हवा बाहेर काढू शकतो. मात्र तितकीच हवा आत येण्यास जाळीदार वाट हवी. जनरेटरचे धुराडे खिडकीपासून दूर न्यावे. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा निराळा आणि प्राणघातक वायू आहे, तो वर सांगितलेल्या यंत्रावर दिसत नाही.

येथे श्रावकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. वायुकाय जीवांचा विचार करता पंखे वाढविणे योग्य काय? गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टळत नाही, पण यतनेने तो कमी करता येतो. म्हणूनच आधी धुळीचे आणि धुराचे मूळ दूर करावे, मग खिडकीची योजना करावी आणि उरलेल्या गरजेपुरताच पंखा चालवावा. पुंजणीने हळुवार प्रमार्जन करण्याची रीत घराघरांत ठाऊक आहे. गोदामात मात्र खराट्याने कोरडी झाडलोट होते आणि बसलेली धूळ पुन्हा सर्वांच्या श्वासात जाते. झाडण्याऐवजी किंचित ओलसर फडक्याने पुसले, तर ही धूळ उडत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मापक यंत्र ठेवायचे कुठे? ते मालकाच्या दालनात ठेवले तर आकडे बहुधा समाधानकारक येतील. ते गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात, जेथे हमाल गोणी उतरवितात, तेथे ठेवले पाहिजे. ओझे वाहणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, आणि तिच्याबरोबर धूळही. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध आणि छेद यांच्या जोडीला अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचा समावेश आहे. आश्रिताला वेळेवर अन्नपाणी न देणे हा दोष असेल, तर त्याला स्वच्छ श्वास न देणे हे निर्दोष कसे ठरावे? दगडफोड हे पंधरा कर्मादानांपैकी स्फोटकर्म म्हणून अनेक कुटुंबे त्या व्यवसायापासून दूर राहिली. परंतु त्याच खडीची धूळ आपल्या छपराखाली कामगाराच्या फुप्फुसात जात असेल, तर ती थोपविण्याचे कर्तव्य त्या छपराच्या मालकाकडेच येते.

यात व्यवहाराचाही लाभ आहे. भारतासह सहा देशांतील ३०२ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे वर्षभर निरीक्षण करणाऱ्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सूक्ष्म कण आणि कार्बन डायऑक्साइड वाढले की माणसांची विचारांची गती मंदावते. तरी लाभ न दिसला म्हणून हे काम टाळण्यासारखे नाही. दिवाळीला वहीपूजन होईल, तेव्हा नव्या वहीतील एक पान हवेच्या आकड्यांसाठी राखावे, आणि पहिली नोंद गोदामातील त्या मागच्या कोपऱ्याची असावी.